क्लॅम्प मीटर पंपाच्या केबलवर शून्य दाखवतो, सुट्या तारांवर तीन वेगळे आकडे

टाकी_परळ:

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पंपाबद्दल विचारायचं आहे. तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पाच एचपीचा थ्री फेज पंप आहे. नेमप्लेटवर ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर असं लिहिलंय. डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनला जोडणारा) आहे, ओव्हरलोड रिले (करंट जास्त वाढला की मोटर बंद करणारा) ७.५ वर लावलेला. पंप सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रिले पडतो. दहा मिनिटं थांबून रिसेट केला की पुन्हा तेच.

लोहार चाळीतून नवा क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा मिटवून करंट मोजणारा) आणला आहे. फक्त एसी करंट, ६०० अँपिअरपर्यंत, डिस्प्लेवरचा शेवटचा आकडा ०.१ अँपिअरचा. पुस्तिकेत अचूकता २ टक्के अधिक ५ आकडे दिली आहे. पंप चालू असताना घेतलेली मापं:

स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या अख्ख्या केबलभोवती जबडा लावला: ०.०.
वायरमनने स्टार्टरच्या आत एकेक तार वेगळी पकडली: लाल ७.१, पिवळी ७.३, निळी ९.०.
जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरीकडे जाणारी जाड तार, लाइट गेलेली असताना: ०.०.

मीटर खराब आहे का? की निळ्या फेजमध्ये दोष आहे? रिले ९ वर वाढवला तर चालेल असं एकाने सुचवलंय, त्याबद्दलही सांगा. शिवाय तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसची आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पावसाळा सुरू झाल्यापासून अधूनमधून पडते. तिथे हाच मीटर वापरून लीकेज शोधता येईल का?

पॅनेलवाला_माहीम:

मीटर ठणठणीत आहे. तुमच्या दोन शून्यांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

टॉन्ग टेस्टर, म्हणजेच हा एसी क्लॅम्प, आतून एक करंट ट्रान्सफॉर्मर असतो. जबड्यात पातळ पत्र्यांचा किंवा फेराइटचा गाभा आणि त्याच्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे. तुम्ही पकडलेली तार हा ट्रान्सफॉर्मरचा पहिला वेढा, एकच. तारेतून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, गाभा ते गोळा करतो आणि क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असल्यामुळे बारीक वेढ्यांत करंट येतो. समजा वेढे १००० आहेत, तर तारेतल्या १० अँपिअरचे आत १० मिलिअँपिअर होतात. ते एका छोट्या रेझिस्टरमधून जातात, त्याच्यावरचा व्होल्टेज मोजला जातो आणि आकडा दिसतो. कुठेही तार तोडावी लागत नाही, कुठेही तांब्याला टेकावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. जबड्याच्या कड्यातून जे जे जातं त्या सगळ्याची बेरीज मीटर मोजतो, दिशेसकट. मोटरच्या तीन तारांत ज्या क्षणी लाल तारेतला करंट शिखरावर असतो, त्याच क्षणी पिवळ्या आणि निळ्या तारेत प्रत्येकी निम्मा करंट उलट्या दिशेने असतो. बेरीज शून्य. तीन आकडे असमान असले तरीही बेरीज शून्यच, कारण मोटरकडे गेलेल्या करंटला परत यायला याच तीन तारा आहेत. घरातल्या मिक्सरच्या वायरवर क्लॅम्प लावला तरी हेच होतं, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो. तार एकेकटी पकडायची, हा पहिला नियम.

बॅटरीचं शून्य वेगळं. बॅटरीचा करंट डीसी, त्याचं क्षेत्र जागच्या जागी स्थिर. न बदलणाऱ्या क्षेत्राने ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत काहीच येत नाही, मग तारेतून ५० अँपिअर का जाईनात. त्यासाठी हॉल सेन्सरवाला एसी-डीसी क्लॅम्प लागतो. त्यात गाभ्याला बारीक फट ठेवून तिथे अर्धवाहकाची छोटी चकती बसवलेली असते. चकतीतून ठरावीक करंट सोडलेला असतो आणि आडवं चुंबकीय क्षेत्र आलं की तिच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज उभा राहतो. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेला हाच परिणाम. तो स्थिर क्षेत्रालाही प्रतिसाद देतो. पण अशा मीटरचा गाभा थोडा चुंबकत्व धरून ठेवतो, म्हणून डीसी मोजण्याआधी जबडा रिकामा ठेवून, तारेजवळ नेऊन, शून्याचं बटण दाबायचं आणि मगच तार आत घ्यायची. जबड्यावरचा बाण करंटच्या दिशेने असेल तर आकडा अधिक, उलट असेल तर उणे. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा भार असेल तर बॅटरीच्या तारेत ५५ ते ६० अँपिअर दिसायला हवेत.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: क्लॅम्पवर शून्य दिसलं म्हणून तार मेली आहे असं समजू नका. क्लॅम्प करंट दाखवतो, व्होल्टेज नाही. पंप बंद असला तरी स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट उभेच असतात आणि क्लॅम्प तिथे ०.० दाखवतो.

मोटरदुरुस्ती_कुर्ला:

मोटरच्या आकड्यांबद्दल लिहितो.

आधी मीटरवर किती विश्वास ठेवायचा ते बघा. २ टक्के अधिक ५ आकडे म्हणजे ७ अँपिअरवर ०.१४ अधिक ०.५, साधारण ०.६ अँपिअर इकडे-तिकडे. म्हणून ७.१ आणि ७.३ मधल्या फरकाला काही अर्थ नाही. ९.० आणि ७.१ मधला फरक मात्र खरा आहे. एकाच मीटरने, एकाच रेंजवर, तार जबड्याच्या मधोमध आणि काटकोनात ठेवून घेतलेल्या तीन आकड्यांची आपसातली तुलना प्रत्येक सुट्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाची असते. जबड्यावर बाजूला खुणेच्या रेघा असतात, त्या जिथे छेदतात तिथे तार हवी. कोपऱ्यात ढकललेली तार आणि शेजारून खेटून जाणारी दुसरी जाड तार, दोन्हींमुळे आकडा सरकतो.

असमतोल काढा. सरासरी ७.८. सगळ्यात लांबचा आकडा ९.०, फरक १.२. १.२ भागिले ७.८, म्हणजे १५ टक्के. १० टक्क्यांच्या वर गेलं की कारण शोधायलाच हवं. रिले ७.५ वर आहे आणि एका फेजवर ९.०, म्हणजे १.२ पट. तेवढ्यावर रिले उशिरा का होईना पडणारच, अर्धा-पाऊण तास हे अगदी जुळतं. रिले त्याचं काम बरोबर करतोय. तो ९ वर नेलात तर रिले गप्प बसेल आणि वाइंडिंग जळेल. कृपा करून हात लावू नका.

निळ्या फेजमध्ये दोष आहे असं लगेच समजू नका. व्होल्टेजमध्ये १ टक्का असमतोल असला की मोटरच्या करंटमध्ये ६ ते १० टक्के असमतोल येतो, आणि ज्या फेजवर करंट जास्त दिसतो तिथेच बिघाड असेल असं नसतं. दोन गोष्टी करा.

पहिली: पंप चालू ठेवून स्टार्टरच्या मोटरकडच्या टर्मिनलवर तीन व्होल्टेज घ्या. लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल.

दुसरी: पूर्ण लाइन बंद करून मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा. लालवरची पिवळ्यावर, पिवळ्यावरची निळ्यावर, निळ्यावरची लालवर. तिन्ही सरकवल्या की मोटरची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच अदलाबदल केल्या तर पंप उलटा फिरेल. आता पुन्हा क्लॅम्प लावा. जास्तीचा आकडा स्टार्टरच्या निळ्या टर्मिनलवरच राहिला तर दोष सप्लायच्या बाजूला. आकडा मोटरच्या तारेसोबत सरकला तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये.

विद्युत_घाटकोपर:

यात एक भर घालतो. छोटा करंट नीट वाचायचा असेल तर तार जबड्यातून अनेकदा ओवा. जबड्यातून तार तीनदा गेली तर मीटर तिप्पट दाखवतो, तीनने भागायचं. दहा वेढे घेतले तर ०.५ अँपिअरचा पंखा ५.० दाखवेल आणि ती पाच आकड्यांची चूक दहापट लहान होईल. आणि क्लॅम्पचा जबडा प्लॅस्टिकने मढवलेला असतो, त्यामुळे पॅनेलमध्ये हातमोजे वगैरे लागत नाहीत. हातमोज्यांनी उलट तार नीट पकडता येत नाही.

सुरक्षा_भांडुप:

घाटकोपरकर, वेढ्यांचं बरोबर आहे. हातमोज्यांचं अजिबात नाही, आणि हे वाचून कोणी तसं करेल म्हणून सविस्तर लिहितोय.

क्लॅम्प लावताना शॉक बसतो तो जबड्यातून क्वचितच. चालू पॅनेलमध्ये तार जबड्यात घेण्यासाठी ती बोटाने थोडी बाहेर ओढावी लागते. ती ओढताना ढिला लग (तारेच्या टोकाला दाबलेला धातूचा जोड) सुटतो, सुटलेलं टोक शेजारच्या फेजला किंवा पॅनेलच्या पत्र्याला टेकतं आणि तोंडासमोर आगीचा लोळ उठतो. किंवा हाताची मागची बाजू शेजारच्या उघड्या टर्मिनलला लागते. जबडा कितीही मढवलेला असू दे, हात मढवलेला नसतो. ४१५ व्होल्टसाठी क्लास ०० चे रबरी हातमोजे ५०० व्होल्टपर्यंत चालतात, क्लास ० चे १००० पर्यंत. त्यांच्यावरून चामड्याचे मोजे, नाहीतर पत्र्याच्या कडेने रबर फाटतं. घालण्याआधी मोज्याचं तोंड गुंडाळून हवा कोंडा आणि गालाजवळ धरा. बारीक छिद्र असेल तर हवा जाणवते. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे, घड्याळ-अंगठी-साखळी काढलेली. नायलॉनचा शर्ट आगीत अंगाला चिकटतो.

मुंबईत पंपघरं बहुतेक तळाला असतात आणि पावसाळ्यात जमीन ओली असते. पाण्यात उभं राहून पॅनेल उघडायचं नाही. जागा कोरडी करा, आयएस १५६५२ चा रबरी मॅट टाका. पाणी साचलंच असेल तर ते माप दुसऱ्या दिवशी घ्या.

मीटर हातात घेतल्यावर हे बघा.

जबड्याच्या प्लॅस्टिकला तडा गेलेला नाही ना. तडा गेला तर आतला लोखंडी गाभा उघडा पडतो आणि तोच दोन फेज जोडू शकतो. जबड्याची तोंडं पूर्ण मिटताहेत का. मधे धूळ किंवा गंज असेल तर फट राहते आणि आकडा कमी येतो. कोरड्या कापडाने पुसा, तेल लावू नका.

जबड्याखाली उंचवटा असतो, बोटं त्याच्या मागेच राहायला हवीत. तो शोभेसाठी नसतो, तुमचं बोट आणि विजेची तार यांच्यातलं सुरक्षित अंतर तिथे संपतं.

कॅट हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा वाचा. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं. कॅट ३ म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, पंपाचा स्टार्टर, पक्की वायरिंग. कॅट ४ म्हणजे इमारतीत वीज जिथे येते ती जागा, मीटर केबिन. तुमच्या पॅनेलला किमान कॅट ३, ६०० व्होल्ट. वीज पडल्यावर किंवा मोठा भार तुटल्यावर लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टची लाट येते. कॅट ३, ६०० चं उपकरण ६००० व्होल्टच्या लाटेला तपासलेलं असतं, कॅट ४, ६०० चं ८००० ला. आकडा फक्त मीटरवर नको, सोबतच्या तारांवरही हवा. कॅट ३ च्या प्रोबचं उघडं टोक ४ मिलिमीटरपेक्षा लांब नसतं. लांब टोकाची स्वस्त प्रोब एका धक्क्यात दोन टर्मिनल जोडते.

उघड्या बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) क्लॅम्प लावायचा नाही. ज्या मीटरवर चौकटीत विजेची खूण आहे, म्हणजे उघड्या जिवंत वाहकावर लावायला परवानगी आहे, तोच त्यासाठी. तरीही लाइन बंद करून लावणं बरं.

होल्डचं बटण. ते चुकून दाबलेलं राहिलं तर मीटर मागचाच आकडा दाखवत राहतो. मागचा आकडा ०.० असेल तर तो बघून कोणीतरी तारेला हात घालतो. प्रत्येक मापाआधी डिस्प्लेवर एचची खूण नाही ना ते बघा. बॅटरी उतरल्याची खूण दिसत असेल तर ते माप धरू नका.

आणि तारा ओवायचे वेढे नेहमी लाइन बंद करून घ्यायचे. चालू तार वाकवून जबड्यात तीनदा फिरवायची नाही.

तारा सरकवायला पॅनेल उघडाल तेव्हा क्रम असा: मेन स्विच बंद, हँडलला कुलूप, किल्ली वायरमनच्या खिशात, हँडलवर पाटी. मग व्होल्टमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून २३० येतात का बघा, मग पॅनेलमध्ये प्रत्येक फेज-फेज आणि प्रत्येक फेज-अर्थ असं सहा ठिकाणी शून्य मोजा, मग पुन्हा त्याच सॉकेटवर २३० बघा. मीटर मधेच बंद पडला असेल तर तिसऱ्या टप्प्यात कळतं. जवळ नेल्यावर वाजणारा बिनतारी टेस्टर पुरावा म्हणून चालत नाही. हे काम परवानाधारक वायरमनचं. मीटर केबिनमधलं सील कोणीही उघडायचं नाही, त्यासाठी तुमच्या भागानुसार बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा महावितरणला फोन करायचा.

विद्युत_घाटकोपर:

मान्य. हातमोज्यांचं चुकीचं लिहिलं होतं. वरची पोस्ट वाचणाऱ्यांनी ते वाक्य सोडून द्यावं.

टाकी_परळ:

सगळ्यांचे आभार. वायरमनला घेऊन हातमोजे, कुलूप, सगळं वर लिहिल्याप्रमाणे केलं. पंप चालू असताना व्होल्टेज: लाल-पिवळा ४००, पिवळा-निळा ४०७, निळा-लाल ४१४. तारा सरकवल्यावर ९.० चा आकडा स्टार्टरच्या निळ्या टर्मिनलवरच राहिला.

मोटरदुरुस्ती_कुर्ला:

म्हणजे मोटरमध्ये दोष नाही, दोष अलीकडे, सप्लायच्या बाजूला.

व्होल्टेज वाचा. सरासरी ४०७, सगळ्यात लांबचा आकडा ७ ने दूर, १.७ टक्के. १.७ ला ९ ने गुणलं तर १५, तुमचा करंटचा असमतोल तेवढाच. हिशेब जुळला.

आता बघा, ज्या दोन जोड्यांत पिवळा आहे त्या दोन्ही खाली आहेत. निळा-लाल जोडी मात्र ४१४ वर शाबूत आहे. संशय पिवळ्या फेजवर, जरी त्याचा करंट ७.३ म्हणजे साळसूद दिसत असला तरी. वाटेत कुठेतरी पिवळ्या तारेचा सांधा ढिला किंवा जळका आहे, तो व्होल्टेज खातोय आणि त्याचा भार निळ्याला सोसावा लागतोय.

शोधायचं असं. पंप चालू ठेवायचा आणि पिवळ्या फेजच्या प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे प्रोब ठेवून व्होल्टेज मोजायचा. मेन स्विचचा इनकमर (लाइन येते ती बाजू) ते आउटगोइंग (जाते ती बाजू), फ्यूजच्या वर ते खाली, काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचच्या) वर ते खाली, रिलेच्या वर ते खाली. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्ट दिसतात. जिथे पूर्ण व्होल्ट दिसतील तिथे दोष. लाल फेजवरही तेच घ्या, तुलनेला. आणि घाई करा. १४ व्होल्ट गुणिले ७.३ अँपिअर म्हणजे जवळजवळ १०० वॅट, २५ वॅटच्या चार सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका स्क्रूखाली.

वीजमापन_दादर:

सांधा शोधला जाईपर्यंत एक वेगळा मुद्दा, कारण असे प्रश्न इथे वारंवार येतात. स्वस्त क्लॅम्प सरासरी मोजून १.११ ने गुणतो. साध्या लहरीला ते बरोबर. पण एलईडी, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालणारी लिफ्ट, यांच्या करंटची लहर टोकदार असते आणि तिथे असा मीटर कमी दाखवतो, काही वेळा ४० टक्क्यांपर्यंत. म्हणून ट्रू आरएमएस (लहर कशीही असली तरी करंट बरोबर मोजणारा) लिहिलेला घ्या. डीओएलवरच्या पंपाला दोघेही सारखंच दाखवतील, तुमची मापं त्यामुळे बिघडलेली नाहीत. पण भरपूर एलईडी आणि कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसात न्यूट्रलवरही क्लॅम्प लावून बघा. तिसऱ्या हार्मोनिकचा (५० च्या तिप्पट वेगाने उलटसुलट होणारा) करंट तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये वजा न होता बेरजेने येतो, न्यूट्रल फेजपेक्षा गरम होऊ शकतो. सरासरी मोजणारा मीटर ते लपवतो.

क्लॅम्पच्या अँपिअरला २३० ने गुणून बिलाची युनिटं काढू नका. त्यात पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खरं काम करतो ते) येत नाही.

मोठ्या सोसायट्यांच्या मेन पॅनेलमध्ये १००/५ सारखे करंट ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या ५ अँपिअरच्या बारीक तारेवर क्लॅम्प लावून आकडा २० ने गुणता येतो. पण ती बारीक तार चालू भारावर कधीही सोडायची नाही. सोडली की तिच्या टोकांवर शेकडो, कधी हजारांत व्होल्टेज उभा राहतो. तुमच्या क्लॅम्पच्या आतलं वेटोळं रेझिस्टरने कायमचं बंद केलेलं असतं, म्हणून तिथे हा धोका नाही.

टाकी_परळ:

सापडलं. स्टार्टरच्या अलीकडचा पिवळ्या फेजचा किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, ग्रिप ओढून काढता येणारा). वर ते खाली १३ व्होल्ट, लाल आणि निळ्यावर मीटरला काहीच दिसत नव्हतं. लाइन बंद करून काढला तर चिनीमातीच्या खोबणीतली पितळी पट्टी काळी पडून स्प्रिंग मेलेली, तारेचं इन्सुलेशन दोन बोटं कडक होऊन तडकलेलं. तिन्ही फ्यूजचे बेस आणि ग्रिप नवे बसवले, तारेचं जळकं टोक कापून नवीन लग दाबला. आता व्होल्टेज ४१३, ४१४, ४१५. करंट ७.३, ७.४, ७.३. पंप सव्वा तास चालून टाकी भरली, रिले पडला नाही.

रिले ७.५ वरच ठेवू ना? आणि आरसीसीबीचं राहिलं.

मोटरदुरुस्ती_कुर्ला:

७.५ वरच. हे सहा आकडे पॅनेलच्या दाराच्या आत मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. पुढे तिन्ही करंट एकदम वाढले तर बेअरिंग, ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग) फार आवळलेला, किंवा पंपात काही अडकलंय. तिन्ही एकदम उतरले तर पंपाला पाणी मिळत नाही, फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या सक्शन पाइपच्या टोकाची झडप) बघा. एक शून्य आणि उरलेले दोन जवळजवळ पावणेदोन पट दिसले तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज तुटलाय, लगेच बंद करा.

पॅनेलवाला_माहीम:

आरसीसीबीसाठी तुमचा मीटर चालणार नाही. त्याचा सगळ्यात छोटा आकडा ०.१ अँपिअर, म्हणजे १०० मिलिअँपिअर. ऑफिसची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असेल तर ती १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते. लीकेज क्लॅम्प वेगळा येतो, मिलिअँपिअर आणि त्याच्याही खालचे आकडे दाखवणारा. मेको, मोटवाने, ऋषभ यांच्याकडे बघा. विकत घेण्यापेक्षा वायरमनकडून एका दिवसासाठी मागवा.

वापरायची पद्धत पंपाच्या उलट. तिथे तारा वेगळ्या पकडायच्या होत्या, इथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायचे, अर्थची तार बाहेर ठेवायची. थ्री फेज असेल तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल, चारही आत. सगळं सुरळीत असेल तर गेलेला आणि आलेला करंट एकमेकांना पुसून टाकतात. जो आकडा उरतो तेवढा करंट अर्थकडे गळतोय. आरसीसीबी आतून हेच करते. अर्थची तारही जबड्यात घेतली तर गळालेला करंट तिच्यातून परत येऊन शून्य दाखवतो, तीन कोरच्या अख्ख्या केबलवर लावणाऱ्यांची हीच चूक होते.

आरसीसीबीच्या खालच्या बाजूला क्लॅम्प लावून ठेवा आणि एकेक एमसीबी बंद करत जा. १८ वरून आकडा एकदम ४ वर आला तर त्या सर्किटमध्ये दोष. कॉम्प्युटरच्या फिल्टरमधून थोडी गळती नेहमीच असते, प्रत्येकी साधारण १ ते ३ मिलिअँपिअर. चार-पाच मशीन एका आरसीसीबीवर असतील तर निम्मी मर्यादा तिथेच संपते, आणि ओलाव्याने थोडी भर पडली की ती पडते. अशा वेळी दोष शोधत बसण्यापेक्षा सर्किट दोन आरसीसीबींवर वाटून घ्या.

सगळे एमसीबी बंद करूनही ती पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तेव्हा मेन बंद करून, कुलूप लावून, न्यूट्रल लिंकवरून एकेक तार सोडायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) अर्थशी तपासायची. त्याआधी कॉम्प्युटर आणि एलईडी सगळे सॉकेटमधून काढा, नाहीतर मेगरने तेच जळतील. पावसाळ्यातच पडतंय म्हणून बाहेरच्या भिंतीवरचा दिवा, गेटची बेल आणि खिडकीतल्या एसीचा सॉकेट बॉक्स आधी उघडून बघा.